सोलापुरात बसून खोल समुद्रातल्या गोगलगायीवर प्रोजेक्ट: वर्गीकरण आणि प्रसार, पायरीपायरीने

प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रोजेक्टचा विषय ठरवायची वेळ आली की सोलापुरातली मुलं उजनीचं धरण, हिप्परगा तलाव किंवा नान्नजचं माळढोक अभयारण्य निवडतात. हे विषय चांगलेच आहेत. पण दरवर्षी एखादी मुलगी किंवा मुलगा विचारतो, "सर, मला समुद्रातल्या गोगलगायींवर काम करायचंय, इथून होईल का?" होईल. एखाद्या जीनसचं (जवळच्या नात्यातल्या स्पीशीजच्या, म्हणजे जातींच्या गटाचं) वर्गीकरण आणि भौगोलिक प्रसार लिहिणं हे मुख्यतः नोंदींचं काम आहे. मुंबईत बसलेला विद्यार्थीसुद्धा तीन हजार मीटर खाली उतरत नाही, त्यालाही याच नोंदी वाचाव्या लागतात.

मी हे काम सोलापुरातच केलं आहे आणि आता इतरांच्या प्रोजेक्टना मदत करतो. सगळ्या पायऱ्यांमागे एकच आग्रह आहे: तुम्ही लिहिलेलं प्रत्येक नाव आणि नकाशावरचा प्रत्येक ठिपका एखाद्या खऱ्या नमुन्यापर्यंत मागे नेता आला पाहिजे. जो नेता येत नाही, तो काढून टाका.

उदाहरण म्हणून पूर्ण लेखात अल्विनिकॉन्का हा जीनस घेतो. शोधताना नाव अर्थातच रोमन लिपीत टाका.

आधी जवळ काय हवं

- साधा लॅपटॉप आणि बरं इंटरनेट. मोठ्या फाइली कॉलेजच्या वायफायवर उतरवून घ्या.
- कॉलेजचा ईमेल पत्ता. लेखकांकडे शोधनिबंध मागताना तो फार उपयोगी पडतो.
- गाइडच्या सहीचं विषय-मंजुरीपत्र आणि विद्यापीठाने दिलेला प्रबंधाचा साचा. दोन्ही सुरुवातीलाच घ्या, शेवटच्या आठवड्यात नको.
- स्प्रेडशीट, डीएनए क्रमांची तुलना करणारं मेगा आणि नकाशासाठी क्यूजीआयएस. शेवटची दोन्ही मोफत आहेत.
- सरावासाठी डिसेक्शन मायक्रोस्कोप, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, अल्कोहोल, स्लाइड.
- एक जाड वही. कोणती नोंद कुठून आणि कोणत्या तारखेला घेतली, हे त्यात रोज लिहायचं.

१. जीनस लहान निवडा

कोनस घ्यायचा मोह होतो, कारण शंख देखणे असतात. पण त्यात शेकड्यांनी स्पीशीज आहेत, वर्षभरात नावंही तपासून होणार नाहीत. पाच ते पंधरा स्पीशीज असलेला आणि गेल्या काही दशकांत तपासला गेलेला जीनस घ्या.

अल्विनिकॉन्का त्यासाठी उत्तम आहे. समुद्रतळाला भेगा पडून जिथे गरम, गंधकयुक्त पाणी वर येतं, त्या हायड्रोथर्मल व्हेंटवर ही गोगलगाय राहते. शंख पातळ आणि गोलसर, बाहेरच्या आवरणावर केसांसारखे राठ काटे. तिच्या मोठ्या कल्ल्यांत जीवाणू राहतात. व्हेंटच्या पाण्यातल्या रसायनांपासून ते अन्न बनवतात आणि गोगलगाय मुख्यतः त्यावरच जगते, म्हणून तिची पचनसंस्था आक्रसलेली आहे. १९८७ मध्ये अल्विन या पाणबुडीने पश्चिम पॅसिफिकमधल्या मारियाना ट्रफमध्ये सुमारे ३,६०० मीटर खोलीवरून नमुने आणले आणि १९८८ मध्ये ओकुतानी आणि ओहता या जपानी शास्त्रज्ञांनी जीनस व पहिली स्पीशीज, अल्विनिकॉन्का हेसलेरी, दोन्हींचं वर्णन केलं. पुढे पंचवीसहून अधिक वर्षं नाव मिळालेली स्पीशीज ही एकच होती. २०१४ मध्ये आणखी पाच नावं आली: कोजिमाई, बुशेटी, स्ट्रमेरी, अडमँटिस आणि मारिसइंडिका. एकूण सहा.

आणि मारिसइंडिका आपल्या हिंद महासागरातली आहे. तिचं सगळ्यात प्रसिद्ध ठिकाण, कैरेई व्हेंट क्षेत्र, सोलापूरपासून जवळजवळ सरळ दक्षिणेला, थोडंसं पश्चिमेला, साधारण ४,८०० किलोमीटरवर आहे.

२. नाव तपासा, मगच पुढे जा

वर्म्स, म्हणजे सागरी जीवांची जागतिक नामसूची, आणि तिचाच मृदुकाय भाग मोलुस्काबेस. दोन्ही फुकट आहेत. जीनसचं पान उघडा, खालच्या स्पीशीजची यादी वहीत उतरवा आणि प्रत्येकीपुढे चार गोष्टी लिहा: नाव मान्य आहे की नाही, लेखक, वर्ष, आणि त्या नोंदीचा ओळखक्रमांक.

इथे बहुतेकांची गडबड कंसात होते. लेखकाचं नाव कंसात असेल तर ती स्पीशीज मुळात दुसऱ्या जीनसमध्ये वर्णिली होती आणि नंतर हलवली, असा अर्थ होतो. आपल्या तलावांत सापडणारी लांबट गोगलगाय मेलॅनॉइडिस ट्युबरक्युलाटा घ्या. म्युलरने १७७४ मध्ये ती नेरिटा या जीनसमध्ये ठेवली होती, म्हणून आज "(ओ. एफ. म्युलर, १७७४)" असं कंसात लिहितात. हेसलेरीची जागा बदललेली नाही, म्हणून "ओकुतानी आणि ओहता, १९८८" विनाकंस. व्हायवामध्ये हा प्रश्न हमखास येतो.

वर्षाकडेही नीट बघा. २०१४ चा तो निबंध आधी ऑनलाइन आला आणि छापील खंडात २०१५ मध्ये गेला. त्यामुळे काही लेखांत २०१४ दिसेल, काहींत २०१५. नावापुढे मोलुस्काबेस जे वर्ष देतं ते ठेवा आणि संदर्भयादीत खंडाचं वर्ष लिहा.

३. मूळ वर्णन मिळवा

विकिपीडियाच्या पानावरून प्रबंध लिहू नका. मूळ वर्णनात शंखाची मापं, नमुना कुठल्या खोलीवरून आला, होलोटाइप (ज्या एका नमुन्यावर स्पीशीजचं नाव आधारलेलं असतं तो) कोणत्या संग्रहालयात ठेवला, हे सगळं असतं. पुढच्या सगळ्या कामाचा पाया तोच.

शंभर वर्षांपूर्वीचं साहित्य बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर मोफत मिळतं. तुमच्या जीनसमध्ये हिंद महासागरातल्या जुन्या स्पीशीज असतील तर 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजाचं नाव पुन्हा पुन्हा भेटेल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या जहाजाने बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्रात खोलवर जाळी टाकून प्राणी वर काढले आणि त्यातल्या अनेक शंखांची वर्णनं लंडनच्या एडगर स्मिथ यांनी लिहिली. हेसलेरीचं वर्णन मात्र 'व्हीनस' या जपानी नियतकालिकात आहे. ते जे-स्टेज या जपानी संग्रहात शोधा.

निबंध पैशांच्या कुलपामागे असेल तर लेखकाला पत्र लिहा. चार ओळी पुरेत: मी कोण, कुठे शिकतो, प्रोजेक्ट काय, कोणता निबंध हवा. या क्षेत्रातली माणसं मनापासून मदत करतात.

४. वर्गीकरणाची शिडी लिहा, पण तारखेसकट

फायलम मोलुस्का, क्लास गॅस्ट्रोपोडा, सबक्लास सीनोगॅस्ट्रोपोडा, सुपरफॅमिली अ‍ॅबिसोक्रायसॉइडिया. इथपर्यंत शिडी पक्की. त्याखालच्या फॅमिलीच्या पायरीवर जरा थांबा. बहुतेक जुन्या लेखांत अल्विनिकॉन्का प्रोव्हॅनिडी या फॅमिलीत दिसेल, पण या गटाच्या फॅमिलींची मांडणी जीवाश्म आणि डीएनए या दोन्हींच्या आधारे बदलत आली आहे. २०१४ च्या निबंधाच्या शीर्षकातही फॅमिली न देता सुपरफॅमिलीच दिली आहे. तुम्ही मोलुस्काबेसवर आज जी फॅमिली दिसते ती लिहा, पुढे पाहिल्याची तारीख टाका आणि जुनी मांडणी एका वाक्यात नोंदवा. परीक्षकाकडे जुनं पुस्तक असलं तरी मग वाद होत नाही.

५. हात बसवायला तलावातल्या गोगलगायी

व्हेंटवरचा नमुना तुमच्या हातात येणार नाही. पण रॅड्युला (तोंडातली दातांची पट्टी) आणि ऑपरक्युलम (शंखाचं तोंड बंद करणारं झाकण) हे शब्द नुसते वाचून कळत नाहीत, ते डोळ्यांनी पाहावे लागतात. हिप्परग्याच्या किंवा उजनीच्या काठावर बेलॅमिया आणि मेलॅनॉइडिस मिळतात. दोन्ही सीनोगॅस्ट्रोपोडा, म्हणजे अल्विनिकॉन्काच्याच सबक्लासमधल्या. तोंडाचा भाग कापून सुमारे दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवा. मांस विरघळलं की दातांची पट्टी उरते. डिस्टिल्ड पाण्यात धुऊन स्लाइडवर पसरा. प्रत्येक ओळीत सात दात दिसले पाहिजेत: मध्ये एक, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि कडेला दोन-दोन. याला टिनिओग्लॉसेट रॅड्युला म्हणतात आणि अल्विनिकॉन्काच्या वर्णनातही हीच रचना भेटते. एकदा स्वतः पाहिलीत की मूळ वर्णनातली आकृती लगेच उलगडते.

काठावर चपटी चक्रीसारखी इंडोप्लॅनॉर्बिसही असेल. तिला ऑपरक्युलम नसतं, ती वेगळ्या गटातली. तिच्यामुळे एक काळजी घ्या: ती शिस्टोसोमा परजीवींची वाहक असते आणि तिच्या पाण्यात हात-पाय बुडवल्यास त्वचेला खाज व पुरळ येऊ शकतं. गमबूट आणि हातमोजे घाला. पोटॅशियम हायड्रॉक्साइड त्वचा जाळतं, तेही हातमोज्याशिवाय हाताळू नका.

६. शंखावर थांबू नका, डीएनए पाहा

या जीनसमध्ये सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्या. सहा स्पीशीजचे शंख एकमेकींसारखे दिसतात. त्यातल्या पाचांना इतकी वर्षं नाव नव्हतं ते याचमुळे. अशांना क्रिप्टिक स्पीशीज म्हणतात आणि त्या वेगळ्या काढल्या गेल्या त्या मुख्यतः जनुकांच्या क्रमावरून.

तुम्हाला प्रयोगशाळा लागणार नाही. जेनबँक या डीएनए क्रमांच्या मोफत संग्रहावर जीनसचं नाव आणि सीओआय हे स्पीशीज ओळखायला वापरलं जाणारं जनुक टाका, क्रम फास्टा स्वरूपात उतरवा, मेगामध्ये अलाइन करा, कडेची टोकं समान कापा आणि नात्यांचं झाड काढा. तुलनेसाठी बाहेरचा सदस्य म्हणून इफ्रेमेरिया नॉटिलेई घ्या. पश्चिम पॅसिफिकच्या व्हेंटवर ती अल्विनिकॉन्काच्या शेजारीच राहते. प्रत्येक क्रमाचा जेनबँकमधला नोंदक्रमांक (अ‍ॅक्सेशन क्रमांक) तक्त्यात आलाच पाहिजे.

आता सापळा. जेनबँकवरची बरीच जुनी नोंद २०१४ च्या आधीची आहे, त्यामुळे तिथली लेबलं आजच्या नावांची नाहीत. तुम्हाला "टाइप १", "टाइप २", "एलजी" अशी लेबलं दिसतील. ती अनुक्रमे कोजिमाई, बुशेटी आणि स्ट्रमेरी. हिंद महासागरातल्या नमुन्यांवर "अफ. हेसलेरी" लिहिलेलं असेल, म्हणजे "हेसलेरीच्या जवळची कुणीतरी". तीच आजची मारिसइंडिका. हे न जुळवता नोंदी मोजल्या तर हेसलेरी मारियानापासून हिंद महासागरापर्यंत पसरलेली दिसते, आणि तो निष्कर्ष पूर्णपणे चुकीचा आहे. म्हणून तक्त्यात दोन रकाने ठेवा: मूळ लेबल आणि आजचं नाव. मूळ लेबल कधीही पुसू नका.

वेळ असेल तर तिसरा रकाना जीवाणूंचा ठेवा. बुशेटी आणि मारिसइंडिकाच्या कल्ल्यांत कॅम्पिलोबॅक्टेरोटा गटातले जीवाणू असतात (जुन्या निबंधांत त्यांना एप्सिलॉनप्रोटिओबॅक्टेरिया म्हटलंय), तर हेसलेरी, स्ट्रमेरी आणि अडमँटिसमध्ये गॅमाप्रोटिओबॅक्टेरिया. नैर्ऋत्य पॅसिफिकमधल्या लाऊ खोऱ्यात याचा प्रसाराशी थेट संबंध दिसतो. उत्तरेकडच्या व्हेंटच्या पाण्यात हायड्रोजन आणि हायड्रोजन सल्फाइड जास्त, तिथे पहिल्या गटाचे जीवाणू बाळगणाऱ्या गोगलगायी जास्त. दक्षिणेकडे गॅमावाल्या. म्हणजे कोण कुठे राहणार, यात पाण्याची रसायनं आणि कल्ल्यातले भाडेकरू दोघांचाही हात आहे. माझ्या मते या जीनसमधली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे आणि प्रबंधात तिला दोन पानं द्यायला हरकत नाही.

७. प्रसाराचा तक्ता आणि नकाशा

ओबिस आणि जीबिफ या दोन जागतिक नोंदसंग्रहांतून जीनसच्या सगळ्या नोंदी उतरवा. मग त्या आंधळेपणाने नकाशावर टाकू नका. प्रत्येक ओळ मूळ निबंधाशी ताडून पाहा. स्थूल चित्र असं येईल:

- हेसलेरी: मारियाना ट्रफ.
- अडमँटिस: मारियाना आर्कचे पाण्याखालचे ज्वालामुखी, तेही पाचशे मीटरच्या आत. "खोल समुद्रातली" हा शब्द वापरताना हे लक्षात ठेवा.
- कोजिमाई आणि बुशेटी: नैर्ऋत्य पॅसिफिकमधली खोरी, मॅनस, उत्तर फिजी, लाऊ.
- स्ट्रमेरी: नैर्ऋत्य पॅसिफिकच, मुख्यतः लाऊ खोरं. काटेरी शंखामुळे तिला जो स्ट्रमर या पंक गायकाचं नाव दिलं आहे.
- मारिसइंडिका: मध्य हिंदी कटक (कटक म्हणजे समुद्रतळावरची डोंगररांग). कैरेई (२००० मध्ये सापडलेलं, सुमारे २,४०० मीटर), एडमंड (२००१, सुमारे ३,३०० मीटर), आणि २००९ मध्ये सापडलेली डोडो व सॉलिटेअर.

अटलांटिकच्या मध्य कटकावर आणि पूर्व पॅसिफिक उंचवट्यावर हा जीनस नाही, हेही लिहा. नसणं हीसुद्धा माहिती आहे, पण जिथे खूप शोध झालाय तिथलीच. जिथे कुणी पाणबुडी उतरवलीच नाही, तिथे "आढळत नाही" लिहू नका, "नोंद नाही" लिहा. हिंद महासागरातल्या लांबच लांब कटकांचा मोठा भाग असाच आहे.

नकाशा करताना चार ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, अंश-मिनिटं. कैरेई २५°१९′ दक्षिणेला आहे. दशांशात हे २५.३२ होतं, कारण १९ ला ६० ने भागायचं असतं. कितीतरी जण २५.१९ लिहितात आणि ठिपका चौदा-पंधरा किलोमीटर सरकतो. व्हेंट क्षेत्र काहीशे मीटरचं असतं, म्हणजे तुमचा ठिपका भलत्याच ठिकाणी पडला.

दुसरं, दक्षिण अक्षांशाचं वजा चिन्ह. ते विसरलात तर कैरेईची गोगलगाय पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात जाते.

तिसरं, १८० रेखांश. उत्तर फिजी खोरं पूर्व रेखांशावर आणि लाऊ पश्चिम रेखांशावर. साध्या नकाशात ही दोन शेजारची खोरी कागदाच्या दोन टोकांना जातात आणि कोजिमाई जगभर पसरल्यासारखी दिसते. क्यूजीआयएसमध्ये पॅसिफिक मध्यभागी येईल असं प्रक्षेपण निवडा.

चौथं, दुहेरी नोंदी. जीबिफवर काही ओळी संग्रहालयातल्या नमुन्यांवरून येतात आणि काही जेनबँकच्या क्रमांवरून. एकच गोगलगाय दोनदा मोजली जाते. नमुन्याचा क्रमांक, तारीख आणि ठिकाण जुळवून एक ओळ ठेवा.

समुद्रतळाच्या खोलीसाठी गेबकोचा नकाशा वापरा. पूर्ण जगाची फाइल फार मोठी आहे, फक्त तुमच्या चौकटीपुरता भाग उतरवा. रंग कमी ठेवा, नाहीतर काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये सहा स्पीशीज एकच दिसतात. ठिपक्यांचे आकार वेगळे घ्या: गोल, चौकोन, त्रिकोण.

८. संरक्षणाचा परिच्छेद टाळू नका

अनेक प्रबंधांत हा भाग शेवटी दोन ओळींत गुंडाळलेला असतो. इथे तसं करू नका. व्हेंटवर तांबं, जस्त आणि सोनं असलेली सल्फाइड खनिजं साठतात. २०१६ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी १५ वर्षांचा करार केला असून मध्य व नैर्ऋत्य हिंदी कटकांवर १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात या खनिजांचा शोध घेण्याचा हक्क मिळवला आहे. गोव्याची राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन संस्था त्या कामात आहे. २०२१ मध्ये व्हेंटवरच राहणाऱ्या १८४ मृदुकाय स्पीशीजचं रेड लिस्टसाठी (धोक्यातल्या जीवांच्या जागतिक यादीसाठी) मूल्यमापन प्रसिद्ध झालं आणि त्यातल्या ११४ धोक्यात असल्याचं दिसलं. मूठभर व्हेंट क्षेत्रांत राहणाऱ्या प्राण्याच्या प्रसाराचा अचूक तक्ता कुठे खणायचं आणि कुठे नाही, या प्रश्नाशी जोडलेला आहे. म्हणून तुमच्या तक्त्यात स्पीशीजचं रेड लिस्टमधलं स्थान आणि पाहिल्याची तारीख हा रकाना असू द्या.

९. लिहिताना आणि व्हायवाच्या आधी

शास्त्रीय नावं तिरप्या अक्षरांत, जीनस मोठ्या अक्षराने, स्पीशीज लहान अक्षराने. लेखकाचं नाव तिरपं नसतं. परिच्छेद सुरू होताना जीनसचं संक्षिप्त रूप वापरू नका.

तुमच्या झाडात एखादी फांदी वेगळी दिसली तरी प्रबंधात नवं नाव ठेवू नका. प्राणिनामकरणाच्या संहितेनुसार नवं नाव योग्य रीतीने प्रसिद्ध व्हावं लागतं आणि विद्यापीठात दिलेला प्रबंध सहसा त्यात बसत नाही. "वेगळा गट, अधिक तपास हवा" एवढंच लिहा.

व्हायवाला मला वारंवार दिसलेले प्रश्न: होलोटाइप म्हणजे काय? कंस कशासाठी? शंख सारखे असताना स्पीशीज वेगळ्या कशावरून? एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या व्हेंटवर एकच स्पीशीज कशी पोहोचते? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अळीत आहे. पोहत, खात, दीर्घकाळ तरंगत राहणारी अळी असते असं शंखाच्या टोकाशी उरलेल्या बालशंखावरून शास्त्रज्ञ ठरवतात. मात्र व्हेंटच्या आम्लधर्मी पाण्याने प्रौढांचं टोक अनेकदा झिजलेलं असतं, म्हणून असे निष्कर्ष लहान नमुन्यांवर बेतलेले असतात, हेही सांगा.

प्रबंधासोबत पेनड्राइव्हवर तीन फाइली द्या: नोंदींचा पूर्ण तक्ता, अलाइन केलेले क्रम आणि क्यूजीआयएसचा प्रकल्प. प्रत्येकीच्या नावात उतरवल्याची तारीख घाला आणि तीच तारीख प्रबंधाच्या पद्धती प्रकरणातही लिहा. पुढच्या वर्षी कुणी हाच जीनस घेतला तर त्याला सुरुवात तिथूनच करता येईल.